जेईई आपल्यासाठी नाही, हे आपल्याला कोणी शिकवले?

नोव्हेंबर महिन्यात गंगाखेड तालुक्यातल्या एका मुलाचा फोन आला. बारावी सायन्सला आहे. आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हा आजीजवळ राहून शिकतो. म्हणाला, "दादा, जेईईचा फॉर्म भरू का नको? कॉलेजातले सर म्हणले, आपल्या पोरांसाठी सीईटीच बरी. जेईईचे पैसे उगं वाया जातेत."

मी विचारले, "आपल्या पोरांसाठी म्हणजे कोणाच्या?"

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो हळूच म्हणाला, "आपल्याच की, दादा."

त्या सरांचा राग काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते आपल्याच समाजातले आहेत आणि त्यांनी हे वाईट हेतूने सांगितले नाही. पण हे एकच वाक्य मी परभणीत, पूर्णेत, सेलूत, पाथरीत इतक्यांदा ऐकले आहे, की ते एका माणसाचे मत राहिलेले नाही. ती आपल्या घराघरातली समजूत झाली आहे. सीईटी आपली, जेईई त्यांची. ही समजूत आली कुठून? मुलांच्या बुद्धीतून नक्कीच नाही. तिला इतिहास आहे, आणि तो कायद्याच्या कागदांवर तारखेसह लिहिलेला आहे.

मित्रांनो, सुरुवात बाबासाहेबांपासून करावी लागेल, आणि ती फक्त आदरापोटी नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यातला शिक्षणाचा भाग आपल्या चळवळीत फारसा वाचला जात नाही. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फार काही साधणार नाही, आपल्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे म्हणतो आहे, हे लक्षात घ्या. हे शिक्षण महाग असते, गरीब बापाला परवडत नाही, म्हणून त्याचा खर्च सरकारने उचलावा. आणि कोणत्या सरकारने? केंद्र सरकारने. शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे असे म्हणून केंद्राला हात झटकता येणार नाहीत. अलिगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना केंद्र पैसा देते, मग अस्पृश्यांच्या मुलांना का नाही, असा तो सरळ प्रश्न होता. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर आपली मुले जो अर्ज भरतात, त्याचे मूळ तिथे आहे.

म्हणजे देशपातळीवरच्या तंत्रशिक्षणावर आपला हक्क सांगणारा पहिला माणूस आपलाच होता, आणि तेव्हा देशात एकही आयआयटी नव्हती. खरगपूरची पहिली आयआयटी १९५१ ची.

त्याच १९५१ सालात अभियांत्रिकी प्रवेशाचाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. मद्रास प्रांतात महाविद्यालयीन जागा जातिसमूहांनुसार वाटून दिल्या जात. त्याविरुद्ध दोन ब्राह्मण अर्जदार न्यायालयात गेले. चंपकम दोराईराजन यांचे नाव सगळ्यांना माहीत असते, तो वैद्यकीय प्रवेशाचा प्रश्न होता. पण त्यांच्या जोडीला श्रीनिवासन नावाचा दुसरा अर्जदार होता आणि त्याला अभियांत्रिकीला प्रवेश हवा होता. न्यायालयाने मद्रासची वाटणी रद्द केली. त्यानंतर पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ (४) आले. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. आज इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीत आपल्या मुलाच्या नावापुढे जो प्रवर्ग लागतो, तो एका इंजिनिअरिंगच्या जागेवरून झालेल्या भांडणानंतर संविधानात पक्का झाला. हे पोरांना शाळेत कोणी सांगत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यातल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातल्या मुलालाच उच्च शिक्षण लांब, मग महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या मुलाचे काय बोलावे! जून १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मनमाड-काचीगुडा मार्गावरच्या गाडीने पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू इथली मुले तिकडे जाऊ लागली. १९६० मध्ये औरंगाबादलाच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आणि १९८१ मध्ये नांदेडला विष्णुपुरीचे श्री गुरु गोबिंदसिंगजी महाविद्यालय. आपल्या जिल्ह्यातले जुने बौद्ध अभियंते, पाटबंधारे खात्यातले, वीज मंडळातले, जिल्हा परिषदेतले, साधारण याच वाटेने गेले.

ही वाट राज्याची होती. केंद्राची वाट तेव्हा का दिसली नाही? या प्रश्नाचे उत्तर बहुतेकजण "इंग्रजी", "गरिबी", "माहिती नव्हती" असे देतात. ते खरे आहे, पण अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कायद्यात आहे.

अनुसूचित जातींची यादी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात अट होती की हिंदू धर्माखेरीज इतर धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पुढे १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, आणि धम्म स्वीकारलेला प्रत्येकजण केंद्राच्या कागदावर अनुसूचित जातीतून बाहेर पडला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा राज्य सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती लागू केल्या. केंद्राने केल्या नाहीत. १९७३ मध्ये आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या. पण ज्याच्या दाखल्यावर "बौद्ध" लिहिले होते, त्याच्यासाठी त्या जागा नव्हत्या. शेवटी व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात, १९९० मध्ये, त्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा समावेश झाला.

धर्मांतरापासून मोजले तर ३४ वर्षे. आयआयटीच्या आरक्षणापासून मोजले तर १७.

या वर्षांत आपल्या घरांत काय झाले असेल ते पाहा. ज्या बापाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याच्यापुढे दोनच मार्ग होते. मुलाच्या कागदावर "हिंदू महार" ठेवायचे आणि केंद्राची सवलत घ्यायची, किंवा "बौद्ध" लिहायचे आणि राज्यापुरतेच पाहायचे. काहींनी पहिला मार्ग धरला. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी नाही. ज्यांनी दुसरा धरला, त्यांच्या मुलांसाठी औरंगाबाद, नांदेड, पुणे एवढेच नकाशावर उरले. त्यांनी आपल्या धाकट्यांना सल्ला दिला, बारावीला मार्क पाड, औरंगाबादला नंबर लागेल. तो सल्ला त्या काळात अगदी बरोबर होता. चूक ही झाली की १९९० नंतर कायदा बदलला, पण सल्ला बदलला नाही. चुलत्याने पुतण्याला दिला, पुतण्या शिक्षक झाला आणि त्याने वर्गात दिला. तो सल्ला देताना आपण बंद झालेल्या नव्हे, उघडलेल्या दाराकडे पाठ करून उभे आहोत, हे त्याला माहीतच नव्हते.

आणि याच काळात मराठवाड्यात काय चालले होते? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगाव आपली घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत अभ्यासाच्या टेबलावर बसायच्या वयाची पोरे मोर्चात, कोर्टात आणि दवाखान्यात होती. लातूर पॅटर्नचा बोलबाला सुरू झाला तोही याच सुमाराला. त्या पॅटर्नमागचे कष्ट मी नाकारत नाही. पण शेजारच्या जिल्ह्यातल्या या गुणवत्तेच्या गोष्टी सांगताना, त्याच मराठवाड्यात कोणाच्या घरावर तेव्हा छप्पर नव्हते, हेही त्याच तराजूत घालायला हवे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, देणग्या वाढल्या, संस्थाचालक वाढले. प्रवेश बारावीच्या गुणांवर होता तोवर सगळी धडपड बोर्डाच्या टक्क्यांसाठी होती. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत राज्याची सीईटी आली आणि शिकवणीवाल्यांनी दुकानाची पाटी बदलली. २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. खटल्याच्या नावातच आपले राज्य आहे! त्यावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून कलम १५ (५) आणले आणि महाराष्ट्राने २००६ मध्ये खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतल्या आरक्षणाचा कायदा केला. आज एखाद्या खासगी महाविद्यालयात कॅप फेरीतून आपल्या मुलीला १३ टक्क्यांतली जागा मिळते, ती कोणा संस्थाचालकाच्या मेहरबानीने मिळत नाही.

मग आला २०१४ चा प्रयोग. केंद्रात २००२ पासून एआयईईई नावाची परीक्षा होती, २०१३ मध्ये तिची जेईई मेन झाली. एक देश एक परीक्षा अशी हवा होती. महाराष्ट्राने २०१४ पासून आपली इंजिनिअरिंगची सीईटी बंद केली आणि जेईई मेनचे गुण बारावीच्या गुणांबरोबर धरायला सुरुवात केली. राज्य मंडळात शिकणाऱ्या मुलांची तारांबळ उडाली, कारण अभ्यासक्रम आणि प्रश्नांची धाटणी दोन्ही वेगळी. २०१६ मध्ये सीईटी परत आली. बहुतेकांना एवढेच आठवते. पण एक बारीक गोष्ट आहे, ती मला जास्त बोचते. महाराष्ट्र जेईईत सामील झाला तेव्हा जेईईची प्रश्नपत्रिका मराठीत आणि उर्दूत मिळू लागली होती. २०१६ मध्ये राज्य बाहेर पडले आणि मराठी, उर्दू दोन्ही बंद झाल्या. गुजराती मात्र चालू राहिली. २०१९ मध्ये यावरून बंगालमधून ओरड झाली, तेव्हा परीक्षा घेणाऱ्या एनटीएनेच हा सगळा क्रम जाहीर केला. मराठीच्या नावाने सभा गाजवणाऱ्यांपैकी कोणी तेव्हा याविरुद्ध रस्त्यावर उतरल्याचे मला आठवत नाही. २०२१ पासून जेईई मेन १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला प्रश्न मराठीत वाचता येतो. त्याला हे सांगितले आहे का कोणी?

इथे काही कार्यकर्ते मला अडवतील. म्हणतील, प्रवेश परीक्षा हाच मुळात शिकवणीवाल्यांचा धंदा आहे, ज्याच्याकडे पैसा त्याची गुणवत्ता. मग आपण तिच्यात पोरे का ढकलायची? हा आक्षेप मला मान्य आहे. तमिळनाडूने २००६ मध्ये कायदा करून अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षाच रद्द केली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू केले. ग्रामीण मुलांवर अन्याय होतो हेच कारण त्यांनी दिले. तिथे पेरियारांच्या चळवळीने सरकारे घडवली होती म्हणून ते शक्य झाले. आपणही ती मागणी करावी, जोरात करावी. पण त्या मागणीचा निकाल लागेपर्यंत गंगाखेडच्या पोराची बारावी थांबणार नाही. व्यवस्थेशी भांडण आहे म्हणून फॉर्म न भरणे, याला मी बंड म्हणत नाही. त्या रिकाम्या जागेवर कोण बसतो ते पाहिले की पुरे.

तर फॉर्म कोणते भरायचे? माझे मत स्पष्ट आहे. सीईटी भरायचीच, तिच्यावर पोट आहे. एमएचटी-सीईटीत १५० प्रश्न, २०० गुण, गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि साधारण ८० टक्के भाग बारावीचा. राज्य मंडळाचे पुस्तक नीट केलेल्या मुलाला ही परीक्षा झेपते. औरंगाबाद, नांदेड, पुणे, मुंबईची सरकारी महाविद्यालये, परभणीच्या कृषी विद्यापीठातली कृषी अभियांत्रिकी, सगळे याच परीक्षेवर.

पण तिच्या जोडीला जेईई मेन भरलीच पाहिजे. ७५ प्रश्न, ३०० गुण, चुकीला एक गुण वजा, अकरावी-बारावी सारखीच महत्त्वाची. अवघड आहे, खोटे कशाला बोलू? पण आकडे बघा. २०२४ मध्ये जेईई अॅडव्हान्स्डला बसण्यासाठी खुल्या प्रवर्गाचा कटऑफ ९३.२३ पर्सेंटाईल होता. अनुसूचित जातींचा ६०.०९, अनुसूचित जमातींचा ४६.६९. साठ पर्सेंटाईलला आयआयटी मिळत नाही, फक्त पुढच्या परीक्षेचा दरवाजा उघडतो, हे मुलांना नीट सांगा. पण आपली कितीतरी मुले "९३ कुठून आणू" या भीतीने फॉर्मच भरत नाहीत आणि त्यांच्या प्रवर्गाचा आकडा त्यांना कोणी दाखवलेला नसतो. आयआयटी लांब राहू द्या. नागपूरचे व्हीएनआयटी जेईई मेनवर भरते आणि तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. राज्यातल्या खासगी महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागाही जेईईवर जातात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आयआयटीत २०१६ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. जेईई मेनची फी आपल्या मुलांना ५०० रुपये आहे. एका शिकवणीच्या झेरॉक्स नोट्सना याहून जास्त जातात.

उलट, ज्या परीक्षांच्या जाहिराती मोबाइलवर सारख्या येतात, त्या खासगी अभिमत विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षांबाबत सावध राहा. तिथे बहुतेक ठिकाणी आपले आरक्षण नाही, आणि राज्याची शिष्यवृत्ती व फ्रीशिप केंद्रीय प्रवेश फेरीतून घेतलेल्या जागेला मिळते. एका घराने जमीन गहाण ठेवून असा प्रवेश घेतलेला मी पाहिला आहे. मुलगा दुसऱ्या वर्षी परत आला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे, ज्याच्यासाठी मी १९५६ ते १९९० चा इतिहास एवढा उगाळला. राज्याचा दाखला आणि केंद्राचा दाखला वेगळा. राज्यात "नवबौद्ध" या नमुन्यातल्या दाखल्यावर काम होते. केंद्राच्या नमुन्यात १९५० च्या आदेशातली जात नमूद लागते, कारण त्या यादीत जातींची नावे आहेत, "नवबौद्ध" नाही. कायदा १९९० मध्ये दुरुस्त झाला, पण सेतू केंद्रातल्या खिडकीवर तो अजून पूर्ण पोचलेला नाही. म्हणून अकरावीतच उपविभागीय कार्यालयातून केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा मागून घ्या. राज्यासाठी जात पडताळणीचा अर्जही तेव्हाच टाका. जूनमध्ये धावपळ केली तर जागा हातची जाते.

जागा कशाने जाते, याला एक उदाहरण पुरे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या अतुल कुमार या दलित मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला जागा मिळाली होती. १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. ज्या धनबादच्या कोळसा खाणीत मजूर सदस्य असलेले बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये कामगारांची स्थिती पाहायला जमिनीखाली उतरले होते, तेच हे धनबाद. प्रत्येक अतुलला सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही. परभणी शहरात आणि तालुक्याच्या गावी आपली विहारे आहेत, जयंतीला वर्गणी गोळा होते. त्यातून दरवर्षी जून-जुलैसाठी दहा मुलांच्या जागेची रक्कम हाताशी ठेवणे अशक्य आहे का? डीजेच्या एका रात्रीचा खर्च किती येतो, हे मंडळाच्या खजिनदाराला विचारा.

गंगाखेडच्या त्या मुलाने शेवटच्या दिवशी फॉर्म भरला. भाषा मराठी निवडली. दाखल्यासाठी त्याच्या आजीने दोन चकरा मारल्या, दुसऱ्या चकरेला आमचा एक कार्यकर्ता सोबत होता. जानेवारीत पुन्हा फोन आला. "दादा, सेंटर नांदेड आलंय. सकाळची पाळी आहे. आदल्या रात्री कुठं थांबू?"

नांदेडमध्ये ज्यांच्या घरी एका मुलाला एक रात्र झोपता येईल अशी जागा आहे, त्यांनी आपल्या तालुक्याच्या कार्यकर्त्याला कळवावे. एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र असते आणि त्याच सुमाराला सीईटीही सुरू होते.

जय भीम.